तिकिटात जेवण आहे, मग वेगळे पैसे कशाचे?

माझ्या एरंडवण्यातल्या मावशीचा फोन आला की पहिलं वाक्य "कशी आहेस" असं कधीच नसतं. यावेळी ती म्हणाली, "अगं, बोटीच्या तिकिटात चारी वेळचं खाणं आहे म्हणतात. मग हे माणशी वेगळे पैसे कशाचे मागतायत?"

मावशी-काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. मुलांनी दोन पर्याय काढलेत. एक मुंबईहून गोव्याची छोटी सफर, दुसरी सिंगापूरहून निघणारी भलीमोठी बोट. दोन्हींच्या कागदांत जेवणाचं एक वेगळं पान आहे. त्यावर स्पेशालिटी डायनिंग, शेफ्स टेबल, बाल्कनी डिनर, प्रायव्हेट डायनिंग रूम अशी नावं आणि पुढे आकडे. काकांचा पहिला अंदाज असा, की फुकटचं जेवण बेचव असणार आणि चांगल्या जेवणाचे वर पैसे असणार. पुणेकराला शोभेल असाच संशय, पण चुकीचा.

डेक्कन क्वीनने जा-ये केलेल्यांना हे पटकन कळेल. 1 जून 1930 ला सुरू झालेल्या या गाडीला टेबल-खुर्च्यांचा स्वतंत्र डायनिंग कार आहे. ऑम्लेट किंवा चीज टोस्ट तुम्हाला तुमच्या सीटवरही मिळतो. तरी लोक गाडी सुटता सुटता उठून डायनिंग कारकडे धावतात, कारण खिडकीशी टेबल, समोर कपबशी आणि बाजूने सरकणारा खंडाळ्याचा घाट ही गोष्ट वेगळी. अख्ख्या गाडीत हजारावर माणसं आणि तिथे खुर्च्या चाळीसेक. खुर्ची मिळाली की उठवत नाही, आणि दारात उभा असलेला माणूस तुमच्या चहाकडे टक लावून बघत असतो. टोस्ट दोन्हीकडे तोच, ओढाताण असते ती खुर्चीसाठी. बोटीवर या खुर्चीचे पैसे घेतात, एवढाच काय तो फरक.

आता तिकिटात काय असतं ते पाहू. क्रूझच्या भाड्यात दोन ठिकाणचं जेवण जवळजवळ नेहमी धरलेलं असतं. एक बुफे, जो सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो. दुसरी मुख्य डायनिंग रूम. पांढरे टेबलक्लॉथ, मेन्यूकार्ड, वाढायला वेटर, सगळं असतं. मोठ्या बोटीवर ही खोली दोन-दोन, तीन-तीन मजली असते आणि एका वेळी शेकडो माणसं जेवतात. जुन्या पद्धतीत तिथे चक्क दोन पंगती बसतात, पहिली सहाच्या सुमारास आणि दुसरी आठनंतर. टेबल आणि वाढपी सगळा प्रवास तेच. तिसऱ्या दिवशी त्या वाढप्याला न सांगता कळतं की काकांना सूप उकळतं हवं आणि मावशीला पाण्यात बर्फ नको. माझ्या मते क्रूझवरची सर्वांत कौतुकाची सोय हीच, आणि ती भाड्यात आहे.

मग तिथे काय मिळत नाही? उसंत. पहिल्या पंगतीची पानं उठवून दुसरी मांडायची असते. भटारखान्यात एकच पदार्थ शेकड्याने निघतो, त्यामुळे जो चारशे वेळा सारखाच जमेल तोच मेन्यूत येतो. मंगल कार्यालयातला आचारी पाचशे पानांना जिलबी करतो, पुरणपोळी करताना दहादा विचार करतो. तसंच हे आहे. पदार्थ हलका नसतो, तो मोठ्या संख्येला साजेसा निवडलेला असतो.

वेगळे पैसे देऊन वेगळं जेवायची टूम आजची नाही. 1905 साली हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर रिट्झ या नामांकित हॉटेलवाल्याच्या नावाचं रेस्तराँ होतं. ठरलेल्या वेळी ठरलेलं जेवण नको असलेले श्रीमंत प्रवासी तिथे पदार्थ निवडून, वर पैसे मोजून जेवत. 'टायटॅनिक'वरही असंच रेस्तराँ होतं. ते लुइजी गाती नावाचा इटालियन माणूस करारावर चालवत असे आणि तिथले आचारी-वाढपी त्याचेच नोकर होते. 14 एप्रिल 1912 च्या रात्री, हिमनगाला धडकण्याआधी काही तास, फिलाडेल्फियाच्या वाइडनर कुटुंबाने याच रेस्तराँत कप्तान स्मिथ यांना मेजवानी दिली होती. पहिल्या वर्गाचं भव्य भोजनगृह भाड्यात असताना ही मंडळी इथे जेवली. इतिहासातलं सर्वांत गाजलेलं खासगी जेवण म्हणायला हरकत नाही, फक्त मावशीला हे उदाहरण मी सांगितलेलं नाही.

आजची अनेक रेस्तराँची पद्धत रुळवण्यात नॉर्वेजियन क्रूझ लाइनचा मोठा वाटा आहे. 2000 साली त्यांनी ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल मोडून 'फ्रीस्टाइल' आणलं. कधीही या, कुठेही बसा. काही ठिकाणं भाड्यात, काहींना वर शुल्क. इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या, कारण पैसा तिथे आहे. रॉयल कॅरिबियनच्या 2023 च्या हिशेबात एकूण उत्पन्नातला सुमारे 30 टक्के भाग तिकिटांबाहेरचा होता. त्यात दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट हे सगळं आलं, आणि त्यातच ही खास जेवणंही. तिकीट स्वस्त दिसावं आणि उरलेलं बोटीवर वसूल व्हावं, असा हा धंदा आहे. यात फसवणूक नाही, पण पान वाचताना हे डोक्यात असलेलं बरं.

आता भटारखान्यात डोकावू, कारण खासगी जेवण महाग का आणि त्यात ऐनवेळी बदल का होत नाहीत, याचं उत्तर तिथे आहे. बोटीला सर्वांत मोठी भीती आगीची. भर समुद्रात अग्निशामक दलाचा बंब येत नाही. म्हणून मोठ्या प्रवासी जहाजांवरचं स्वयंपाकघर बहुतेक सगळं विजेवर चालतं, गॅसचा उघडा जाळ नसतो. म्हणजे फुलका जाळावर टम्म फुगवणं गेलं, तो तव्यावरच कपड्याने दाबून फुगवायचा.

दुसरी अडचण बाजाराची. एक सफर संपून दुसरी सुरू होते त्या दिवशी, प्रवासी उतरताहेत-चढताहेत तेवढ्या काही तासांत, अख्ख्या सफरीचं वाणसामान आणि भाजीपाला बोटीत चढतो. कोथिंबीर संपली म्हणून कुणी मंडईत पळू शकत नाही. चौदा माणसांच्या खासगी जेवणाला लागणारा खास मासा किंवा खास चीज तेवढंच मोजून घेतलेलं असतं. तुम्ही त्या रात्री सहा वाजता "आम्हाला जरा वेगळं काही करा ना" म्हणालात, तर शेफ हसून मान डोलावेल आणि ठरलेलंच आणून देईल.

स्वच्छतेचे नियमही कडक. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या बोटींवर तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेचे तपासनीस न सांगता येतात आणि शंभरपैकी गुण देतात. 85 किंवा त्याखाली आले तर बोट नापास, आणि निकाल सगळ्यांना वाचायला खुला. त्यांच्या नियमाप्रमाणे गरम पदार्थ किमान 57 अंश सेल्सिअसला आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या आत राखावे लागतात. भटारखाना खालच्या डेकवर आणि तुमची बाल्कनी सहा मजले वर असेल, तर हे पाळायला माणसं लागतात. एक वाढपी झाकलेली ताटं घेऊन लिफ्टने वर येतो, रिकामी घेऊन खाली जातो, पुन्हा वर येतो. तेवढा वेळ तो मुख्य खोलीतल्या पंधरावीस जणांना वाढू शकला असता. खासगी जेवणात तुम्ही पैसे मोजता ते या माणसाच्या दोन तासांचे.

म्हणून कागदावरच्या प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहायला मी मावशीला सांगितलं: यात आपल्याला मिळतंय काय? माणूस, जागा की नुसता वेगळा मेन्यू?

स्पेशालिटी रेस्तराँमध्ये मुख्यतः मेन्यू मिळतो. इटालियन, जपानी, किंवा स्टेकहाउस म्हणजे भाजलेल्या मांसाचं. खोली लहान, गोंगाट कमी, घाई नाही, पण शेजारच्या टेबलावर दुसरी माणसं असतातच. हे खासगी जेवण नव्हे. मोठ्या परदेशी बोटींवर माणशी साधारण 30 ते 70 डॉलर लागतात, काही ठिकाणी पदार्थागणिक पैसे. त्यावर बऱ्याचदा 18 ते 20 टक्के सेवाशुल्क चढतं, ते पानावर बारीक अक्षरात असतं. शाकाहारी माणसाने स्टेकहाउसला ठरावीक शुल्क भरणं म्हणजे उपवासाच्या दिवशी अमर्यादित थाळी घेण्यासारखं आहे.

शेफ्स टेबल ही खरी गंमत. बारा ते सोळा माणसांचं एकच लांब टेबल आणि बोटीचा मुख्य शेफ किंवा त्याच्या हाताखालचा वरिष्ठ यजमान. कार्निव्हल आणि प्रिन्सेससारख्या कंपन्यांच्या पद्धतीत आधी पाहुण्यांना भटारखान्यात नेतात. त्याआधी हात धुवायचे, अंगात पांढरा कोट घालायचा. पोट बिघडलेलं असेल तर प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे, कारण नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू बोटीवर वणव्यासारखा पसरतो. आत रात्रीच्या जेवणाची धुमश्चक्री चालू असते. एका बाजूला गरम पदार्थांची रांग, दुसरीकडे सॅलड आणि थंड पदार्थ, पलीकडे बेकरी, आणि भांडी घासणाऱ्यांची तर वेगळीच फौज. तिथेच हातात एखादा छोटा घास आणि पेला मिळतो. मग टेबलावर पाचसहा किंवा जास्त पदार्थ एकामागून एक येतात. प्रत्येक पदार्थ शेफ स्वतः समजावून सांगतो, प्रत्येकाबरोबर वेगळी वाइन. सगळं मिळून तीन तास जातात. किंमत माणशी शंभर डॉलरच्या आसपास किंवा वर.

इथे संख्या किती ताणलेली असते पाहा. समजा बोटीवर 3,000 प्रवासी आहेत, सात रात्रींची सफर आहे आणि चौदा खुर्च्यांचं हे टेबल तीनदा मांडतात. म्हणजे 42 खुर्च्या. शंभरात दीड माणूससुद्धा नाही. बोटीत चढल्यावर चौकशी करणाऱ्याला म्हणूनच "भरलं" असं उत्तर मिळतं.

काकांसाठी मात्र यात दोन गोम आहेत. एक म्हणजे किमतीत वाइन धरलेली असते, आणि न पिणाऱ्याला काही ठिकाणी तेवढेच पैसे पडतात. त्यामुळे वाइनऐवजी बिनदारूचं पेय मिळेल का आणि दर तोच का, हे आधी विचारायचं. दुसरी म्हणजे टेबलावर बारा अनोळखी माणसं असतात. मावशीला ते चालेल, ती बारा जणांची नावं, गावं आणि सुना विचारून येईल. काका तीन तास इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारतील असं मला वाटत नाही. लग्नाच्या वाढदिवसाला ज्याला एकांत हवा, त्याने शेफ्स टेबल घेऊ नये.

एकांत हवा असेल तर बाल्कनी. तुमच्या खोलीच्या बाल्कनीत टेबल मांडून, वाढपी एकेक पदार्थ आणून वाढतो. इथे मेन्यू बहुधा साधाच असतो, मिळतो तो माणूस. फोटोत हे फार छान दिसतं, पण फोटोत वारा दिसत नाही. बोट 20 नॉटने चालली असेल तर ताशी 37 किलोमीटर झाले. बाहेर पान हलत नसलं तरी समोरून तेवढ्या वेगाचा वारा येणार. भर समुद्रात रुमाल, मेन्यूकार्ड आणि पापड सगळं उडतं. बोट बंदरात उभी असताना किंवा सावकाश चालत असताना हे जेवण घ्यावं, किंवा सकाळचा नाश्ता घ्यावा, तो स्वस्तही पडतो.

सूर्यास्त हवा असेल तर थोडा भूगोल. मुंबईहून गोव्याकडे जाताना बोटीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे पश्चिम उजव्या हाताला. जाताना उजवीकडची खोली, परतताना डावीकडची. खोली बदलता येत नाही, तेव्हा जेवण जाताना आहे की येताना यावर बाजू ठरवायची. हे बुकिंग करणारा मुलगा आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आणि मेणबत्ती मिळणार नाही. टेबलावर जी लुकलुकते ती बॅटरीवरची असते. खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काहीही पेटवायला बंदी असते. मावशीने मुलांना औक्षणाचं ताट बॅगेत घ्यायला सांगितलं होतं. सुरक्षा तपासणीत चांदीचं निरांजन जाईलही, पण पेटवता येणार नाही.

कुटुंबाचं मोठं लटांबर असेल तर खासगी खोली बघावी. ओशनिया कंपनीच्या 'मरीना' (2011) आणि 'रिव्हिएरा' (2012) या बोटींवर 'प्रिव्हे' नावाची दहाएक माणसांची एकच खोली आहे. एका रात्री एकच मंडळी, आणि बोटीवरच्या दोन रेस्तराँच्या मेन्यूंतून पदार्थ निवडायची मुभा. असं शुल्क माणशी न घेता अख्ख्या खोलीचं घेतलं की हिशेब उलटा होतो. दोघांना ते डोळे पांढरे करणारं, दहा जणांत वाटलं तर शेफ्स टेबलाच्या आसपास. छोटा हॉल घेऊन केळवण करावं तसं. साध्या बोटींवर अशी खोली नसली, तरी स्पेशालिटी रेस्तराँचा एखादा पडद्याआडचा कोपरा आठदहा जणांना राखून देतात. पानावर लिहिलेलं नसतं, पण मेत्र-द म्हणजे जेवणघराच्या प्रमुखाला विचारलं तर होतं.

बाकीचे प्रकार थोडक्यात. वायकिंग कंपनीच्या समुद्री बोटींवर 'किचन टेबल' म्हणून एक बेत असतो. बंदरात शेफबरोबर बाजारात जायचं, सामान घ्यायचं, रात्री त्याचंच जेवण. मला स्वतःला निवडायला सांगितलं तर मी हाच निवडीन. ताटावर वरून चित्रं टाकून एक इटुकला शेफ नाचवणारा 'ल पती शेफ' सेलिब्रिटी कंपनीच्या बोटींवर आहे, नातवंडं खूश होतील. आणि क्युनार्ड कंपनीच्या क्वीन्स ग्रिलसारखी काही रेस्तराँ फक्त स्वीट म्हणजे मोठ्या महागड्या खोल्यांमधल्या प्रवाशांना उघडी असतात. तिथे जेवणाचे वेगळे पैसे नसतात, खोलीच्याच भाड्यात ते वळते केलेले असतात.

शाकाहाराचं नीट सांगायला हवं, कारण गोंधळ इथेच होतो. मुंबईहून जाणाऱ्या कॉर्डेलियासारख्या भारतीय बोटीवर शाकाहारी आणि जैन जेवण रोजचंच आहे, तिथे काळजी नाही. परदेशी बोटीवर 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असं धरतात. अस्सल पार्मेजान चीजमध्ये दूध जमवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, पुडिंगमध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन असू शकतं, थाई रश्श्यात फिश सॉस. 'जैन' हा शब्द लिहून थांबू नये. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा-गाजर-बीट नाही, अंडं नाही, अशी सरळ यादी द्यावी आणि ती बुकिंग करतानाच लेखी द्यावी. शेफ्स टेबलचा मेन्यू आधी ठरलेला असल्यामुळे तिथे तर काही आठवडे आधी. मावशीच्या एकादशीचं मी बघून ठेवलंय, सफरीत येत नाही.

घरचे बेसन लाडू? घरी केलेले पदार्थ बोटीवर आणायला बऱ्याच कंपन्यांची मनाई आहे. कारखान्यात बंद केलेलं पाकीट, म्हणजे बाकरवडी, बहुतेक वेळा चालतं. ते परदेशी बंदरात बरोबर घेऊन उतरू नये, तिथले कृषी-तपासणीचे नियम वेगळे असतात.

पैशाचं आणखी एवढंच. घरून, निघण्याआधी बुकिंग केलं तर दर बहुधा कमी असतो. बोटीवर पहिल्या रात्री लोक अजून बुफे शोधत असतात, तेव्हा स्पेशालिटी रेस्तराँ रिकामी असतात आणि कधीकधी सवलतीत मिळतात. परदेशी बोटीवर सगळा खर्च खोलीच्या खात्यावर डॉलरमध्ये चढतो आणि शेवटी कार्डावर येतो, बँकेचा परकीय चलनाचा अधिभार त्यात धरावा. आदल्या दिवशीपर्यंत रद्द केलं तर बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळतात, त्यानंतर नाही. समुद्र खवळला म्हणून तुम्हाला मळमळलं, हे कारण कुणी धरत नाही. तो धोका असेल तर वरच्या मजल्यावरचं, टोकाचं रेस्तराँ टाळून बोटीच्या मध्यावर, खालच्या डेकवरचं घ्यावं. तिथे डोलणं कमी जाणवतं.

कपड्यांची चिंता मावशीला नाही. पैठणी जगातल्या कुठल्याही डायनिंग रूममध्ये चालते. काकांना मात्र अर्धी चड्डी आणि सँडल बाजूला ठेवावे लागतील, आणि बातमी त्यांना अजून कुणी दिलेली नाही.

परवा रात्री पुन्हा फोन आला. गोव्याची सफर ठरली. जाताना, उजवीकडची खोली, बाल्कनीत फक्त सकाळचा नाश्ता. वाढदिवसाच्या रात्री मुख्य डायनिंग रूममध्येच आठ जणांचं गोल टेबल, दुसऱ्या पंगतीला. वाचलेल्या पैशांत मुंबईला जाताना सगळ्यांसाठी डेक्कन क्वीन. "आणि औक्षण आदल्या दिवशी घरीच करते," मावशी म्हणाली, "तू साडेसहाला ये. डायनिंग कारमध्ये आठ जणांना एकदम जागा मिळते का गं?"